शेपटीवरची खाच

दादा, तुझी तेरवी झाली. जेवण चांगलं झालं. तू असतास तर पानावरून उठून गेला असतास, कारण भाताबरोबर झिंग्यांचा रस्सा होता आणि भादवा अजून संपलेला नाही.

हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकताना तू मधेच तोंड घातलं असतंस. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हात वर करायचास आणि म्हणायचास, “थांब, कौसे.” धाकटी बहीण म्हणजे थांबवायलाच जन्माला आलेली असते, असं तुला वाटायचं. आता थांबवून दाखव.

तू गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, देवमाणूस होता. सावन-भादव्यात झिंग्यांचे पिंजरे नदीत टाकायचे नाहीत, ही मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष म्हणून तू घातलेली बंदी ज्यांच्या पोटावर आली होती, जे दर वर्षी तुझ्या नावानं बोटं मोडत होते, तेच सगळ्यांत मोठ्यानं रडले. मी रडले नाही. वहिनी म्हणाली, “बाई, रडून घ्या. मोकळं वाटन.” मी म्हटलं, “मले मोकळं वाटाले भांडा लागते, वहिनी. आता कोनासंगं भांडू?” ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली. ती हसली की रडली ते कळलं नाही.

तू माझी टोपली लाथेनं नदीत लोटलीस, त्याची माफी मी दिलेली नाही. देणारही नाही. मेलेल्या माणसाला सगळं माफ असतं म्हणतात. म्हणणाऱ्यांची टोपली नव्हती ती.

घाटाच्या त्या चपट्या दगडावर मी ती ठेवली होती. बंदीचेच दिवस होते. ओल्या शेवाळात गुंडाळलेले झिंगे, वीतभर लांब, निळ्या नांग्यांचे. गडचिरोलीची गाडी पकडायची होती. तू डोंग्यातून उतरलास, आलास आणि उकिडवा बसलास.

“कुठचे?”

“पल्याडचे. तुह्या सोसायटीचे नाईत.”

“पल्याडचे झिंगे अल्याड येत नाईत का? त्यायले काय पास लागते?”

बायका हसल्या. तू एक उचलून उलटा केलास. पोटाखाली अंड्यांचा केशरी पुंजका. दुसरा केलास. तिसरा. सगळ्या माद्या, सगळ्या अंड्यांच्या. अर्थात अंड्यांच्या. गिऱ्हाईक त्यालाच जास्त भाव देतं, रश्श्याला त्यानंच चव येते. तू उभा राहिलास आणि टोपलीला लाथ घातलीस. अर्ध्या जिवंत होत्या, त्या बुडी मारून गेल्या. अर्ध्या मेलेल्या होत्या, त्या पोट वर करून तरंगत राहिल्या. मेलेल्या नदीला परत देऊन कोणाचं भलं झालं, दादा? हे मी तेव्हाही विचारलं होतं. तू म्हणालास, “टोपली उचल, वाहून जाईन.” आणि पुन्हा डोंग्याकडे गेलास. अख्खा घाट बघत होता. त्या दिवशी मी रिकामी टोपली घेऊन गाडीत बसले आणि कंडक्टरनं विचारलं, “आज काऊन रिकामी, बाई?” तर त्यालाही दोन शिव्या घातल्या.

माणूस परका असता तर मी पोलीस ठाण्यात गेले असते. परका असता तर विसरलेही असते.

झिंगे पकडायला मला तूच शिकवलं होतंस. उन्हाळ्यात नदी उतरली की दगडांमधल्या डोहात आपण छातीइतक्या पाण्यात उभे राहायचो. तू माझा हात धरून दगडाखाली घालायचास. “पुढून नाई वं, पुढून नांगी मारते. मागून. त्याले पिछे पळाची सवय हाय, तो सोताच हातात येते.” मी भ्यायचे. नांगी लागली की रडायचे. तू म्हणायचास, “रडाचं असन त काठावर जाऊन रड, पाणी हालते.” केवढा निर्दय होतास! पण पहिला मोठा झिंगा माझ्या हाती आला तेव्हा मला खांद्यावर घेऊन तू अख्ख्या गावातून फिरवलंस. झिंगा माझ्या हातात, मी तुझ्या खांद्यावर, आणि तो माझ्या हातातून तुझे केस ओढतोय.

भाव करायलाही तूच शिकवलंस. चामोर्शीच्या बाजारात आई बसायची, आपण तिच्या मागे. तू कानात सांगायचास, “पह्यला भाव त्याले बोलू दे. तो बोलला की त्वा हसाचं. मंग बोलाचं.” मी आजही तसंच करते. त्याच्यावर दुकान उभं केलं, बर्फाच्या पेट्या घेतल्या, गाडी घेतली. नवरा आहे, पण नुसता आहे. जे केलं ते मी केलं. आणि गावात बोलताना लोक म्हणतात, अध्यक्षाची बहीण.

शाळेचं तर तू कधी बोललाच नाहीस. बाबा गेल्यावर दोघांपैकी एकाला नदीवर जायचं होतं. तू दप्तर माझ्याकडे टाकलंस आणि जाळं खांद्यावर घेतलंस. मी सातवीपर्यंत गेले, म्हणून आज हे लिहिते आहे. एकदा जरी ते बोलून दाखवलं असतंस, तर मी तुझ्या तोंडावर काहीतरी टाकून हिशेब मिटवला असता. तू बोललाच नाहीस. न बोललेल्याचा भाव कसा करायचा, तेवढं शिकवायचं मात्र राहून गेलं.

मग ती तुझी समुद्राची सहल. सोसायटीच्या अध्यक्षांना कोकणात नेलं होतं, मासेमारी बघायला. आपल्यातला पहिला माणूस तू, ज्यानं समुद्र पाहिला. परत आलास तेव्हा आम्हाला वाटलं, लाटांचं सांगशील. तू शेवंडीचं सांगत बसलास. आपल्या झिंग्याची मोठी बहीण, पाठीवर काटे, पाच-सहा जणांनी मिळून खावी एवढी. तिकडे ती संपत आली होती. म्हणून तिथल्या काही कोळ्यांना कोणीतरी शिकवलं होतं, की जाळ्यात अंड्यांची मादी आली तर शेपटीच्या पंख्याला छोटी खाच पाडायची आणि सोडून द्यायची. पुढे ती कोणालाही सापडली, अंडी असोत नसोत, तर खाच बघून त्यानंही सोडायची.

तू खिशातून सुरी काढलीस. बांबू सोलायची, वाकडी, आपल्या बाबांची. “आपुनबी करू,” म्हणालास.

झालं. तेव्हापासून सोसायटीचा कोणताही डोंगा काठाला लागला की तू पुढे. अंड्यांच्या माद्या बाजूला, शेपटीला खाच, पाण्यात. आणि दर खेपेला टोपल्या चाळून बघायचं, आधी पाडलेल्या खाचेच्या किती परत आल्या. घाटावरून ओरडून सांगायचास. एखाद्या वर्षी ढिगानं दिसल्या तर म्हणायचास, “नदी ठीक हाय.” कमी दिसल्या की तोंड पाडून बसायचास. “माद्या राह्यल्याच नाईत. नदी खाली होऊन राह्यली. सावन-भादवा बंद करा लागते.” लोक कुरकुरले, पण घाबरले. बंदी आली ती अशी.

माझं म्हणणं सरळ होतं. आपण सोडल्या तर खालच्या गावचे पकडतात. ते चुकले तर सिरोंच्याकडचे. या माद्यांची अंडी समुद्राकाठच्या खारट पाण्याशिवाय जगत नाहीत, हे तूच सांगितलं होतंस. वैनगंगेतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत, तिथून समुद्रात. वाटेत बांध. “तुह्या खाचवाल्या बायांले बांधाचं दार कोन खोलून देते?” मी विचारलं. तू म्हणालास, “पुरात दारं उघडी असतात, कौसे. म्हणून त ह्याच महिन्यात जातात त्या. तुह्यापेक्षा अक्कल हाय त्यायले.”

मग मी दुसरीकडून गेले. एक खाचवाली मी घरामागच्या टाक्यात ठेवली. कोंड्याचा गोळा टाकायचे, पाणी बदलायचे. माझा नवरा म्हणाला, “हे काय, पाळून राह्यली का?” पोटाखालची अंडी हळूहळू राखाडी झाली, मग गेली. आणि एका सकाळी टाक्याच्या तळाशी अख्खं टरफल पडलं होतं, काचेसारखं. नांग्यांपासून शेपटीपर्यंत. शेपटीला तुझी खाच. आणि कोपऱ्यात ती बसली होती, मऊ, नवी. आणखी एकदा तिनं टरफल टाकलं आणि शेपूट अशी भरून आली की तिला कधी सुरी लागली होती हे तिलाही आठवलं नसतं.

मी ते टरफल पानात गुंडाळून तुझ्या घरी आणलं. तू ओट्यावर जाळं विणत होतास.

“पाह्य. कात टाकली की तुही खाच गेली. तू टोपल्यांत काय शोधतं मंग? नाई दिसली मंजे मेली, असं नसते. कपडे बदलले तिनं.”

तू टरफल हातावर घेतलंस. उजेडात धरलंस. खाचेवरून नख फिरवलंस. मी वाट बघत होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तू हरला होतास आणि मला तुझं हरलेलं तोंड बघायचं होतं. तू ते टरफल सदऱ्याच्या खिशात ठेवलंस आणि म्हणालास, “चहा घेतं का?”

दुसऱ्या दिवशी घाटावर तू पुन्हा खाचा पाडत होतास. पुन्हा ओरडून सांगत होतास, “यंदा लय कमी हाय बावा!” तुझ्यासारखा निगरगट्ट माणूस मी पाहिला नाही. टोपलीचं झालं ते त्याच्या पुढच्या वर्षी.

त्यानंतर आपण बोललो ते फक्त कामापुरतं. राखीला मी यायचे, तुझ्या मनगटाला धागा बांधायचे, तू साडी द्यायचास, आणि दोघंही भिंतीकडे बघायचो. वहिनीला वाटायचं एकाला तरी वेड लागलं आहे. याच काळात बाहेरचा एक व्यापारी आला. पल्याडच्या काठावरून स्वस्तात माल उचलायचा, खाचवाल्याही घ्यायचा, आणि गडचिरोलीत माझ्या शेजारी बसून माझा भाव पाडायचा. मी काय केलं असेल? गिऱ्हाइकांना सांगितलं, शेपटीला खाच असते तो झिंगा रोगट. खाऊ नका, अंगावर चट्टे येतात. महिन्याभरात त्यानं दुकान उचललं. धंदा असा करतात, दादा. तुला कळलं असतं तर लाथ घातली असतीस.

एक गोष्ट तुला कधी कळली नाही. तू खाचा मोजत होतास आणि नदी किती खाली झाली ते माझ्या तराजूत दिसत होतं. पूर्वी एका पारड्यात जेवढे झिंगे बसायचे, आता त्याच वजनाला त्याहून कितीतरी जास्त टाकावे लागतात. मोठे येतच नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं, “बाई, हे पोरं काऊन आनून राह्यली?” मी म्हणते, कोवळे आहेत, चवदार असतात. खरी मोजणी ती होती. तू टोपली लाथाडायच्या ऐवजी खाली बसून विचारलं असतंस, कौसे, तुले काय दिसते, तर मी सांगितलं असतं. भाव करून सांगितलं असतं, पण सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस. मला वाटतं, बाजारातल्या बाईला नदीचं काय कळतं, असं तुझ्या मनात होतं. नसेलही. आता विचारायची सोय नाही.

दवाखान्यात तुला बघायला आले तेव्हा तू अर्धा उरला होतास. मी डबा आणला होता. तू झाकण काढायला लावलंस आणि वास घेतलास. तुझे डोळे पहिल्यांदा उघडले नीट.

“झिंगे?”

“खा नं मुकाट्यानं.”

चमच्यानं तू एक उचललास, उलटा केलास, इकडून तिकडून बघितलास. “शेपूट काऊन तोडली?”

“रश्श्यात शेपूट कोन ठेवते?”

“माय त ठेवे.”

मी म्हटलं, “मायले दात होते, तुले नाईत.” तू हसलास आणि खोकला आला. रस्सा भातावर घालून खाल्लास. झिंगे तसेच वाटीत ठेवलेस, ओळीनं. जाताना मी डबा घासून घेतला आणि ते झिंगे बाहेरच्या कुत्र्याला टाकले. तू खिडकीतून बघत होतास का? त्या खिडकीतून आवार दिसतं. मी वर पाहिलं नाही. ती आपली शेवटची भेट. एखाद्याला काय बोलायचं असतं शेवटच्या भेटीत? “तब्येतीला जप.” “मुलांची काळजी करू नको.” आपण शेपटीवरून भांडलो.

आता तेरवीचं ऐक.

दहाव्याला घाटावर सगळे बसले होते. पिंडाला कावळा शिवायला वेळ लागत होता. कोणीतरी म्हणालं, “भाऊची बंदीवर वासना असन.” मग विषय निघाला जेवणाचा. आपल्यात सुतक सोडताना गेलेल्याच्या आवडीचं एक तरी पानात पडावं लागतं. तुझ्या आवडीचं काय ते सांगायला पंचांग लागत नव्हतं. पण महिना बंदीचा. तुझ्या जागी आता सोमा अध्यक्ष आहे. तुझ्याच डोंग्यात पुढच्या टोकाला बसून म्हातारा झाला तो. तो म्हणाला, “बंदी भाऊची हाय. त्याच्याच तेरवीले तोडाची का?”

दुसरा कोणी म्हणाला, “तो राह्यला नाई. आनि खाचा मोजाले आता कोन हाय? बंदी कोनाच्या भरोशावर ठेवाची?” मग तो माझ्याकडे वळला. “कौसाबाई, तुमीच सांगा. ते खाचेचं खरं का खोटं? तुमी त टाक्यात ठेवून पाह्यलं म्हनते.”

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या एका शब्दावर बंदी राहणार की जाणार, हे मला कळत होतं. खरेदी करणारी मीच. मी खोटं बोलले असते तर तुझी बंदी राहिली असती. खरं बोलले तर तुटणार. मी कितीतरी वर्षं त्या प्रश्नाची वाट बघत होते, दादा. अख्ख्या घाटासमोर. त्याच दगडापाशी.

मी म्हटलं, “खोटं. कात टाकली की खाच जाते. तुमच्या भाऊची सारी गिनती खोटी होती.”

कावळा तेवढ्यात शिवला. लोक म्हणाले, बघा, भाऊलाही पटलं. मला हसू आलं. त्या दिवशी ऊन उतरायच्या आत पिंजरे पाण्यात गेले.

तेरवीला सगळे जेवले. बोटं चाटून जेवले. फक्त सोमाच्या पानात झिंगे तसेच होते, ओळीनं लावलेले. मी वाढायला गेले तर त्यानं हात आडवा धरला. मी म्हटलं, “काऊन रे, अध्यक्ष झाला त लगेच सोंग?”

तो माझ्याकडे न बघता बोलला. “त्याले ठाऊक होतं, बाई.”

“काय?”

“खाच भरते म्हनून. तू टरफल आनलं त्याच्या आधीपासून. तिकडं समुद्राकाठीच सांगतलं होतं त्याले. अंडी पोटाशी हाय तवर मादी कात टाकत नाई. तेवढेच दिवस खाच पाह्यजे. अंडी सुटली, मंग खाच गेली त जाऊ दे.”

मी वाढणं तसंच धरून उभी होते. रस्सा गळत होता माझ्या पायावर. “मंग ते वरडून गिनती सांगे, ते?”

“ते आमच्यासाठी. भेव नसतं त आमी बंदी पाळली असती का? ज्या वर्षी लोकं वळवळ कराले लागले, त्या वर्षी खाचा कमी दिसत.” सोमा हसला, पण तोंड वेडंवाकडं करून. “मले म्हने, सोमा, तू बी कमीच सांग.”

“मले काऊन नाई सांगतलं?”

“तुले सांगतलं असतं त तू बाजारात सांगतलं असतं.”

म्हणजे मी टरफल घेऊन आले आणि तू चहा विचारलास, तेव्हा तू हरलेला नव्हतासच. मी ज्याच्याशी भांडत होते ते तुझं म्हणणंच नव्हतं. आणि मी तराजूला बोट लावते म्हणून गावभर सांगत फिरणारा माझा भाऊ, देवमाणूस, भर घाटावर मापात खोट करत होता. सगळ्या गावाला फसवत होता, मलाही, वर्षानुवर्षं, तोंडावरची रेघ न हलवता. दादा, मला एवढा राग आला की हातातलं पातेलं फेकावंसं वाटलं. आणि एवढा जवळचा तू मला कधीच वाटला नव्हतास. तू व्यापारी होतास. माझ्यापेक्षा वरचढ. पहिला भाव त्यांना बोलू दिलास आणि हसलास.

सोमाला मी म्हटलं, “दहाव्याले तोंडात काय गोटा होता तुह्या? तवा काऊन नाई बोलला?”

तो म्हणाला, “तू एवढ्या खुशीनं बोलली, बाई. मी काय बोलू?”

तेरवीच्या दुसऱ्या सकाळी माझ्यासाठी टोपल्या तयार होत्या. घाटावर एवढा माल बंदीच्या महिन्यात मी कधी पाहिला नव्हता. सगळ्या अंड्यांच्या. केशरीच केशरी. माणसं खूश होती. एकानं स्वतःहून टोपली त्याच चपट्या दगडावर आणून ठेवली आणि वर एक काढून दाखवली. शेपटीला खाच होती. ताजी, कडा अजून पांढऱ्या. माशांच्या जाळ्यात आलेल्या माद्यांना तू दवाखान्यात जायच्या आदल्या दिवसापर्यंत खाच पाडत होतास असं वहिनी सांगत होती, कापता कापता बसायचास, धापा टाकायचास.

“हे बी घेतली,” तो म्हणाला. “आता खाचेचं काय, तुमीच त म्हनलं.”

मी टोपलीवर शेवाळ झाकलं. आणि उचलली नाही. उभी राहिले. डोंगे काठाला हलत होते, पाणी गढूळ, वेगानं चाललेलं, दारं उघडी असतील खाली. लोक म्हणाले, “काय झालं, बाई? गाडी लागली नं?” मी म्हटलं, “थांबा जराशे.” कशासाठी थांबले होते ते मला माहीत होतं. तू उतरशील डोंग्यातून. उकिडवा बसशील. विचारशील, कुठचे? मी एक पाय मागे घेऊन उभी होते, टोपली उलटली तर पातळावर शेवाळ उडू नये म्हणून. एवढी सवय असते अंगाला.

कोणी आलं नाही. त्यांनीच टोपली उचलून माझ्या डोक्यावर दिली.

दुकानात माल हातोहात गेला. दुपारनंतर माझी नेहमीची एक मास्तरीणबाई आली. बर्फात हात घालून निवडत होती, घासाघीस करत होती, चांगलं चाललं होतं. मग तिच्या हाती ती खाचवाली आली. तिनं शेपूट पाहिली आणि ती बर्फावर परत टाकली.

“हे नाई पाह्यजे.”

“काऊन? ताजी आहे. अंड्याची आहे.”

“खाच आहे शेपटीले.”

“अर्ध्या भावात न्या.”

“फुकट दिली त बी नको. रोगट असते नं ते. तूच सांगतलं होतं वं! अंगावर चट्टे येतात म्हने. आमच्या क्वार्टरच्या साऱ्या लाईनीत कोनी खाचवाला घेत नाई.”

ऐकलंस ना, दादा? तू घाटाला खोटं सांगितलंस, मी बाजाराला. तुझं खोटं मी दहाव्याला, तुझ्या पिंडासमोर मोडून टाकलं. माझं अजून उभं होतं. हिच्या लाईनीत, भाजीबाजारात, कुठे कुठे. एक वाक्य बोलले असते, की ते खोटं होतं बाई, मी धंद्यासाठी सांगितलं होतं, तर ती मादी विकली गेली असती. आणि उद्यापासून सगळ्याच.

“हो,” मी म्हटलं. “रोगटच असते. चुकून आली.”

तिच्यासमोर मी ती उचलली. मेलेली होती, बर्फानं कडक झालेली. अंडी पोटाला तशीच चिकटलेली, राखाडी पडायला लागलेली. आणखी थोड्या दिवसांचं काम होतं तिचं. नदी इथून लांब, आणि जवळ असती तरी काय उपयोग होता. तुझ्या त्या दिवशीच्या अर्ध्या टोपलीसारखीच ती तरंगली असती. मी ती दुकानामागच्या नालीत टाकली आणि हात धुतले.

टोपलीची माफी अजून देत नाही. पण ती बाबांची वाकडी सुरी दवाखान्यातल्या सामानात आली नाही. वहिनीच्या घरात नाही, डोंग्यात नाही. मी सहज बघितलं. कुठे ठेवलीस?